एका पायावर

स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा असतो आणि त्यावर घरातल्या सगळ्या पिशव्या एकीवर एक टांगलेल्या असतात. या पिशव्यांची एक उतरंड असते. सर्वांत आत, भिंतीला चिकटून, जुन्या पँटच्या पायाची शिवलेली दळणाची पिशवी; ती कितीही झटकली तरी चिमूटभर पीठ उडवतेच. तिच्यावर निळ्या-पांढऱ्या वायरची पिशवी, जिच्यातून आता काहीच आणलं जात नाही, पण एका मावशीनं स्वतः विणलेली म्हणून टाकवत नाही. मग कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्याबरोबर आलेली कापडदुकानाची पिशवी. तिच्यावर दुकानाचं नाव, मालकाच्या वडिलांचं नाव, आता कुठेही न लागणारा टेलिफोन नंबर आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'आमची कोठेही शाखा नाही'. हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलोय. जाहिरात म्हणून ते लिहिलेलं असलं तरी मला त्यात एखाद्या एकट्या, मानी माणसाचा सूर ऐकू येतो. तिच्याही वर माझी खादीची शबनम. ऐन तरुणपणी तिच्यात दोन मासिकं आणि एक अपुरी कविता घालून मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या चढत असे. १८४० सालापासूनच्या त्या वाचनालयात आजवर कितीतरी शबनम येऊन गेल्या असतील. त्यांतल्या कविता पुऱ्या झाल्या असत्या तर कपाटं कमी पडली असती. आणि या सगळ्यांच्या वर, अगदी हाताशी, अलीकडे एक बॅले नर्तकी टांगलेली असते.

ती आली दिवाळीत. भाची पुण्याहून फराळाचे डबे घेऊन आली, ते या पिशवीतून. आपल्याकडे डब्यांचा कायदा फार कडक आहे. दुसऱ्याचा डबा परत करायचा, आणि रिकामा करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पिशवीला हा कायदा लागू नाही. पिशवी ज्या घरात रिकामी होते त्या घरची होते. तेव्हा डबे आमचा चिवडा भरून पुण्याला परत गेले आणि नर्तकी इथे नांदायला राहिली. जाड, पांढुरक्या कापडावर छापलेलं तिचं चित्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्यातले पोहे काढून झाल्यावर. एदगार देगा या फ्रेंच चित्रकारानं १८७६ ते ७८ च्या सुमारास काढलेलं हे 'तारका' नावाचं चित्र; मूळ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असतं. रंगमंचावर एकटी मुलगी. आपण वरच्या कुठल्याशा सज्जातून तिला पाहतोय, त्यामुळे मंचाची बरीचशी मोकळी फरशी आपल्या वाट्याला येते आणि ती त्या मोकळ्या जागेच्या कडेशी. दोन्ही हात पसरलेले, मान मागे टाकलेली, गळ्यातली काळी रेशमी फीत गिरकीच्या भरात मागे उडालेली, पांढऱ्या तलम घेरावर फुलं. पाय एकच दिसतो. मागे नेपथ्याच्या आडोशाला आणखी काही मुली आपल्या पाळीची वाट बघत उभ्या आहेत आणि त्यांच्यात काळ्या सुटातला एक गृहस्थ. त्याचं डोकं पडद्यानं झाकलंय. नुसता सूट उभा आहे. आमच्या पिशवीवर हा गृहस्थ नेमका डाव्या बंदाच्या शिलाईखाली येतो. पिशवी जड झाली की ताण आधी त्याच्यावर पडतो, आणि त्यात कुठेतरी न्याय होतोय असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

२३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा खिळ्यावरच्या साऱ्या मंडळींना पुन्हा नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्याआधी आपण हात हलवत बाजारात जायचो आणि दहा बोटांना दहा झुळझुळीत पिशव्या अडकवून परतायचो. त्या बंदीचं पुढे काय झालं ते कुठल्याही भाजीबाजारात उघड्या डोळ्यांनी दिसतं. पण घराबाहेर पडताना खिळ्याकडे हात जाण्याची सवय मात्र मला लागून राहिली. त्यामुळे साठी उलटलेला एक माणूस खांद्यावर फ्रेंच नर्तकी घेऊन बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठी हिंडताना दिसतो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, उत्तरेतल्या गंगेनं याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) लोक आधी पिशवीकडे पाहतात, मग माणसाकडे, आणि मग काहीच न बोलता कांद्याचा भाव सांगतात. हा गावचा सभ्यपणा आहे. भाजी भरत जाते तसतशी नर्तकीची प्रकृती पालटते. दुधी आडवा बसला की तिची कंबर एका बाजूनं फुगते, कोबी खाली गेला की ती चांगली गरगरीत, खात्यापित्या घरची दिसू लागते आणि पातीचा कांदा घेतला की तिच्या डोक्यावर हिरवा तुरा डुलू लागतो. बटाटे मात्र तिला मानवतात. ते तळाशी एकसारखे बसतात आणि चित्र ताठ होतं. पॅरिसमध्ये तिला इतका भक्कम मंच मिळाला नसेल.

एकदा मेथी देणाऱ्या आजीबाईंनी जुडी हातात तशीच धरून ठेवली आणि पिशवीकडे निरखून पाहिलं.

"बाबा, हिचा दुसरा पाय कुठंय?"

"मागं उचललाय, आजी. नाचतेय ती."

"एकाच पायावर?"

"एकाच पायावर."

आजींनी पुन्हा पाहिलं. जन्मभर तराजू धरलेल्या बाईची नजर ती. "तोल भारी हाय पोरीचा," म्हणाल्या, आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकून जुडी पिशवीत कोंबली. त्या काड्या मला मिळाल्या नव्हत्या, हे उघड होतं.

घरी येईपर्यंत मी त्या तोलाचाच विचार करत होतो. बॅले ही वजन लपवण्याची कला आहे. नर्तकी जमिनीला जेमतेम टेकलीय, वाऱ्यानं उचललं तर जाईल, असं आपल्याला वाटावं यासाठी तो सगळा खटाटोप. पण टोकावर उभं राहायचे ते गुलाबी सॅटिनचे बूट उसवून पाहिले तर आत काय निघतं? तरटासारखं जाडंभरडं कापड, कागद आणि खळ. या तिन्हींचे थर एकावर एक चिकटवून, वाळवून बोटांभोवती एक कडक टोपी करतात, आणि सगळं शरीर त्या टोपीवर उभं राहतं. घामानं खळ मऊ पडते. मोठी भूमिका असेल तर एका प्रयोगात एक जोडी कामातून जाते. परी तरंगते ती अशी, तरट आणि खळीच्या जोरावर. आपल्या लावणीवालीचा मामला उलटा. ती पायांत किलोकिलोचे चाळ बांधते. वजन लपवणं सोडाच, दर पावलाला ते वाजवून दाखवते. जमिनीपासून सुटायची तिला घाई नाही, जमीनच तिच्या बाजूनं साथीला बसलेली. एकीनं भार गिळायचा, दुसरीनं तो तालात मोजून द्यायचा. प्रयोग संपल्यावर कोमट पाण्यात पाय सोडून बसताना मात्र दोघींना एकमेकींची भाषा कळली असती.

देगाला हे कळत होतं, म्हणून मंचापेक्षा त्याचा जीव रमायचा तो मंचामागे. पॅरिसचं जुनं ऑपेरागृह १८७३ साली जळालं, वास्तुकार गार्निएनं बांधलेलं नवं १८७५ साली उघडलं. त्या मधल्या वर्षांत तो 'नृत्यवर्ग' रंगवत होता. म्हातारे नृत्यगुरू झ्यूल पेरो काठी टेकून उभे आहेत आणि फारसं कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नाही. एक मुलगी पियानोवर बसून पाठ खाजवतेय. पायाशी एक छोटं कुत्रं. मागे मुलींच्या आया येऊन बसल्यात. आणि पुढच्या कोपऱ्यात, इतक्या नाजूक चित्रात कुणी ठेवणार नाही अशी एक झारी. लाकडी जमिनीवर धूळ उडू नये, पाय घसरू नये म्हणून पाणी शिंपायची. आपण सकाळी अंगणात सडा घालतो तसंच. मला या चित्रातली ती पाठ खाजवणारी मुलगी सर्वांत जास्त आवडते. साऱ्या जगाच्या कलेच्या इतिहासात इतक्या मन लावून पाठ कुणी खाजवलेली नाही. गुरूसमोर शिष्यानं कसं उभं राहावं याचे आपल्याकडे बरेच नियम आहेत. पाठीला खाज सुटली तर काय करावं, याबद्दल ते सगळे गप्प आहेत.

ऑपेराच्या शाळेतल्या या लहान मुलींना पॅरिसकर लाडानं 'छोटे उंदीर' म्हणत. उंदरावर केवढा भार असू शकतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. भाद्रपदात दहा दिवस आपण ते समोर बसवून पाहतो. या उंदरांच्या पाठीवर त्यांची घरं बसलेली होती. कुणाची आई कपडे धुणारी, कुणाची दरवानकी करणारी. मुलगी आठवड्यातले सहा दिवस घाम गाळून चार नाणी आणील तर घराला हातभार. आणि तो काळा सूट? तो ऑपेराचा वर्गणीदार. हंगामाचे पैसे भरलेल्या बड्या गृहस्थांना विंगेत जायची, मुलींशी बोलायची मुभा असे. आपल्या नाटकात विंगेत उभा असलेला परका इसम म्हणजे फार तर चहाची किटली घेऊन आलेला पोऱ्या. तिथे मात्र गरिबी आणि पैसा पडद्याच्या एकाच बाजूला उभे राहत, आणि त्यातून पुढे काय होई ते साऱ्या शहराला माहीत असून कुणी बोलत नसे. देगानं त्या गृहस्थाचं डोकं झाकून ठेवलं. चेहरा दिला असता तर तो कुणीतरी एक वाईट माणूस झाला असता. नुसता सूट कुणालाही बसतो.

या उंदरांपैकी एकीचं नाव राहिलं: मारी व्हान गोथेम. १८६५ चा जन्म, बाप शिंपी, आई कपडे धुणारी. देगानं तिला समोर उभं करून मेणाचा पुतळा केला, 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी', आणि १८८१ च्या प्रदर्शनात मांडला. मेणाच्या अंगावर खरी चोळी, खरा जाळीचा घेर, डोक्यावर खरे केस, वेणीला खरी रेशमी फीत. पॅरिसच्या टीकाकारांना ती माकडासारखी दिसली आणि त्यांनी तसं छापलंही. पुढच्याच वर्षी वर्गातल्या गैरहजेरीबद्दल मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आलं. चित्रकारासमोर तासन्‌तास हलू नको म्हणून उभं राहायचं आणि मग नाचाच्या वर्गाला आली नाही म्हणून घरी बसायचं; पोटासाठी दोन ठिकाणी उभं राहणाऱ्या माणसाचं हे जुनंच गणित. देगानं तो पुतळा आपल्या हयातीत पुन्हा कधी मांडला नाही. १९१७ साली तो गेल्यावर त्याच्या कांस्याच्या प्रती निघाल्या आणि आज जगभरच्या संग्रहालयांत ती मुलगी हनुवटी वर करून, कुणालाच भीक न घालता उभी आहे.

मेणाला खरा कपडा नेसवण्याची ही कल्पना पॅरिसला विचित्र वाटली; आपल्या आज्या-पणज्यांना वाटली नसती. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, प्लेगच्या दिवसांत तो मळवलीला हलला, आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती गावोगावच्या भिंतींवर पोचल्या. घरोघरच्या बायकांनी त्या छापील चित्रांचं काय केलं? लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवली, टिकल्या लावल्या, कापडाचे तुकडे बेतून तिला नेसवले. चित्रकारानं रंगवलेली जर त्यांना पुरेशी खरी वाटली नाही. त्या काळच्या रसिकांनी नाकं मुरडली असतील: राजवाड्यातली कला बाजारात उतरली, कॅलेंडरावर गेली, काडेपेटीवर गेली. आजही आमच्या पिशवीकडे पाहून एखादा जाणकार असाच सुस्कारा सोडतो. देगा, आणि त्यात शेपूची जुडी! पण काडेपेटीवर गेलेल्या लक्ष्मीला रोज सकाळी चूल पेटताना पाहायला मिळे. राजवाड्यात एवढ्या लवकर कुणी उठत नसावं.

मळवलीच्या त्या छापखान्याचं काम करणाऱ्यांत एक धुंडिराज गोविंद फाळके होते, १८७० साली आमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले. चित्र दगडावरून कागदावर कसं उतरतं हे शिकलेल्या या माणसानं पुढे ते पडद्यावर उतरवलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामती व्हायला एकही बाई तयार होईना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी लुगडं नेसवलं. तो चित्रपट १९१३ साली लागला आणि फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले. इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला आणि त्यात पहिल्यांदा खऱ्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या: पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. मोहिनीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ती नाचते, भस्मासुर तिच्यासारखाच नाचू लागतो, ती स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो आणि राख होतो. नाचाला भुलून डोकं गमावलेला गृहस्थ आपल्याकडेही आहे तर. आपल्या पुराणानं त्याला पडद्याआड लपवलं मात्र नाही. आणि कमलेचं वय तेव्हा तेराच्या घरातलं. चौदा वर्षांच्या मारीची आई तिकडे कपडे धूत होती. इकडे मुलीबरोबर आई स्वतःच तोंडाला रंग लावून उभी राहिली. समाजाचे बोल दोघींनी मिळून सोसले. त्या उन्हात, गंगेच्या या गावात, तेरा वर्षांची एक मुलगी असुराला नाचवत होती, हे मनात आलं की मला आमचे नेहमीचे रस्तेही थोडे निराळे दिसतात.

नाचाच्या चित्रांची ये-जा तेव्हापासून दोन्ही बाजूंनी चालू आहे. रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोवा १९२२ साली मुंबई-कलकत्त्याला नाचून गेली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिनं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केला. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या बायका बॅलेच्या मंचावर उतरल्या. लीला सोखी, ज्यांना लोक मेनका म्हणून ओळखतात, त्यांनी कथ्थकाचे बॅले बसवले, १९३६ साली बर्लिनपर्यंत नेले आणि खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. रविवर्म्याच्या छापखान्याचं मळवली तिथून फार लांब नाही. आणि अगदी कालपरवा मुंबईतली दोन मुलं, मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह, एकाचे वडील टॅक्सी चालवणारे आणि दुसऱ्याचे वेल्डिंगचं काम करणारे, बॅले शिकून परदेशी गेली. त्यांच्यावर २०२० साली 'ये बॅले' नावाचा चित्रपट निघाला. टॅक्सी आणि वेल्डिंग, दरवानकी आणि धुणं. पंखांचे घेर शिवायला लागणारं कापड नेहमी असल्याच घरांतून येतं की काय, कोण जाणे.

आता एक गोष्ट मला राहून राहून छळते. 'मोहिनी भस्मासुर' आज उपलब्ध नाही. कमलेचा तो नाच गेला. पॅरिसमध्ये नाचलेली मुलगी नाशकात दर बुधवारी बाजारात दिसते, मेथीवाल्या आजींना तिचा तोल ठाऊक आहे, आणि इथल्या मातीत नाचलेली मोहिनी इथे कुणालाच दिसू शकत नाही. देगाची नर्तकी कशामुळे वाचली? संग्रहालयानं सांभाळली म्हणून, हे खरंच. पण मग तिच्या प्रती निघाल्या, पत्रांवर, कपांवर, रुमालांवर, पिशव्यांवर. चित्रकाराला जाऊन शतक उलटलं, हक्क सांगणारं कुणी उरलं नाही, आणि तिला जो तो कामाला लावू लागला. कामाला लागलेलं चित्र सहजी मरत नाही. आमच्या कपाटात बायकोची, म्हणजे हिची, येवल्याची पैठणी आहे. मलमलीत गुंडाळलेली, डांबराच्या गोळीच्या पहाऱ्यात. एवढी जपून ठेवली आणि घडीवरच विरली. इकडे पिशवी दर आठवड्याला भिजते, उन्हात वाळते, चिखलात टेकते, आणि तिच्यावरची मुलगी अजून एका पायावर उभी आहे. घेरावरची फुलं फिकट झाली आहेत एवढंच.

तसा रोज चित्र बाळगण्याचा आम्हा नाशिककरांना सराव असायला हवा. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी सुरक्षा छापखाना निघाला, १९२८ साली नोटांचा, आणि तेव्हापासून 'प्रेसमध्ये' असणं ही इथली मानाची नोकरी. १९९६ साली गांधीजींच्या चित्राच्या नोटांची मालिका निघाली. त्यांच्याइतकं चित्र या देशात कुणाचं फिरलं नसेल, आणि त्यांच्याइतकं न पाहिलं गेलेलंही कुणाचं नसेल. नोट खोटी असल्याचा संशय आला तरच आपण त्यांच्याकडे, आणि तेही उजेडात धरून, पाहतो. पिशवीवरच्या चित्राचं याहून बरं चालतं. धरणाऱ्याला ते दिसत नाही, कारण ते त्याच्या कुशीला असतं किंवा पाठीला. दिसतं ते समोरून येणाऱ्याला. बसथांब्यावर शाळेच्या गणवेशातली एखादी मुलगी त्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहते, आणि आपले हात तसे होतात का हे कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत करून बघते. नाचणारीला तरी आपला नाच कुठे दिसतो? तिला दिसतो दिव्यांचा झोत आणि पुढचा अंधार. तिच्या वाट्याला तोल, आमच्या वाट्याला बटाटे, आणि पाहण्याचं सुख तिसऱ्याच कुणाला.

मध्यंतरी डावा बंद उसवला. काळ्या सुटातल्या गृहस्थाच्या बरोबर खांद्याशी. हिनं चष्मा लावला, जाड पांढरा दोरा घेतला आणि त्याच्या अंगावर चौकोन करून त्यात फुली मारत पक्की दुहेरी शिलाई घातली. आधीच डोकं नसलेल्या माणसाला आता छातीही उरली नाही. मला ते चित्र असं खराब होताना पाहवेना. मी म्हटलं, "आता हिला निवृत्त करू या. चौकटीत घालून बैठकीत लावू." हिनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "आणि गहू कशातून आणणार?" या प्रश्नाला कलासमीक्षेत उत्तर नाही. तेव्हा गहू आले.

पण डोक्यात किडा राहिला. प्लॅस्टिकबंदीपासून कापडी पिशव्या छापून देणारे ठिकठिकाणी झाले आहेत. नाव, लग्नाची तारीख, बाळाचा फोटो, सांगाल ते छापतात. मोहिनी गेली, पण फाळक्यांचा 'कालिया मर्दन' बऱ्यापैकी शाबूत आहे. १९१९ चा, इथलाच. त्यात कृष्ण झालीय त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी. साळुंक्यांना लुगडं नेसवणाऱ्या बापानं स्वतःच्या मुलीला पोर कृष्ण केलं, आणि सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटवून दाखवले. बापाचा अभिमान पडद्यावर मावत नाही. ती मुलगी पिशवीवर छापून घ्यावी, असं माझ्या मनानं घेतलं. आपल्या गावची, आपल्या उन्हातली, बुधवारच्या बाजारात. आजींना तिचे दोन्ही पाय दाखवता येतील.

मी हे सगळं हिला बरंच रंगवून सांगितलं. देगा, रविवर्मा, फाळके, कामाला लागलेलं चित्र मरत नाही वगैरे. ही गवार मोडत होती. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "छापा की. फक्त त्याला सांगा, बंद चांगले रुंद ठेव. बारीक बंद खांद्याला फार काचतात."